एकबारी रायफलचा नेम भरकटतो तेव्हा

टेक्सासात हरणांच्या शिकारीचा सर्वसाधारण मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. जखमी हरिण रानात तडफडत राहणं मला मुळीच मान्य नाही, म्हणून तपासणी त्याआधीच.

चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना, डोळ्यांनी आणि बोटानं पाहा. मग स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) माउंटचे, म्हणजे ती रायफलवर बसवणाऱ्या पट्ट्यांचे, स्क्रू सैल नाहीत ना बघा. माझा पहिला संशय तिथेच. नळीत साचलेलं गोळ्यांचं तांबं सॉल्व्हंटनं (ते विरघळवणाऱ्या द्रवानं) काढा.

माझी एकबारी फॉलिंग-ब्लॉक, म्हणजे चेंबरमागचा ठोकळा खाली सरकून उघडणारी; तिचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांचा. पुढचं लाकूड नळीला दाबतं, नळी तापली की गोळ्या सरकत जातात. दर गोळीनंतर नळी गार होऊ देत १०० यार्डांवर ५ गोळ्या मारा. गट आवळला, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागल्या, तर लाकडाचा दाब तपासून घ्या. वाळूची पिशवी नळीखाली नको, रिसीव्हरलगत (नळी जिथे बसते त्या मधल्या धातूच्या भागाजवळ) लाकडाखाली ठेवा. तरीही गट पसरतोय? .३०-०६ या काडतुसात १५०ऐवजी १६५ किंवा १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लावून बघा.