कॉलेज फुटबॉल खेळत असताना सर्जन होण्याची आखणी कशी करावी

अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात (हातात चेंडू घेऊन खेळायचा हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा) क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणून, खेळणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे सर्जन व्हायचे असेल, तर "आधी फुटबॉल संपू दे, मग अभ्यासाचे पाहू" हा विचार त्याने पहिल्याच वर्षी सोडून द्यावा. आपल्याकडे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. तिथे बहुतेकांना चार वर्षांची पदवी घेऊन मगच मेडिकल स्कूलकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जात पाहिले जाणारे विज्ञानाचे गुण नेमके खेळाच्याच वर्षांत मिळवायचे असतात.

आर्ची रॉबर्ट्स यांचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ते कोलंबिया विद्यापीठाचे नावाजलेले क्वार्टरबॅक होते. त्यानंतर क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले आणि त्याच शहरातील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. शिक्षणाचा खर्च संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी उचलला. 1967 मध्ये मियामी डॉल्फिन्स या दुसऱ्या व्यावसायिक संघाकडून ते एक सामना खेळले, पुढे हृदयशल्यचिकित्सक झाले, आणि निवृत्त खेळाडूंच्या हृदयाची तपासणी करणारी लिव्हिंग हार्ट फाउंडेशन ही संस्था त्यांनी उभी केली. त्यांच्या गुणवत्तेइतकेच मला महत्त्वाचे वाटते ते हे, की संघ आणि मेडिकल स्कूल एकाच शहरात होते.

आखणीचा खरा कस वेळापत्रकात लागतो. सराव शिबिर ऑगस्टमध्ये सुरू होते आणि नियमित हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त नसावा असा एनसीएए या कॉलेज क्रीडास्पर्धांच्या नियामक संस्थेचा नियम आहे. परंतु सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तासांचा धरला जातो, प्रवास धरला जात नाही, आणि क्वार्टरबॅक स्वतःहून प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहण्यात जे तास घालवतो तेही त्यात येत नाहीत. म्हणून कागदावरच्या 20 तासांवर विसंबून विषय निवडू नयेत. शरद सत्रात प्रॅक्टिकल असलेला एकच विज्ञान विषय घ्यावा आणि भौतिकशास्त्रासारखा जड विषय वसंत सत्रात किंवा उन्हाळी वर्गांत घ्यावा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन भाग क्रमानेच घ्यावे लागतात आणि प्रॅक्टिकल बहुधा दुपारी, म्हणजे सरावाच्याच वेळी, असते. त्यामुळे सकाळची तुकडी केव्हा असते हे विभागाकडे वर्षभर आधी विचारून ठेवावे आणि प्रशिक्षकांनाही तेव्हाच सांगावे.

एमकॅट ही प्रवेश परीक्षा साडेसात तासांची असते आणि तिचे गुण 472 ते 528 या पट्ट्यात दिले जातात. मार्च-एप्रिलमध्ये वसंत ऋतूतला सराव असतो, म्हणून मेअखेर किंवा जूनची तारीख सोयीची पडते. अर्जही त्याच सुमारास सुरू होतात, तेव्हा याहून उशीर करू नये. शिफारसपत्रे मुख्यतः विज्ञानाच्या प्राध्यापकांकडून लागतात. शनिवारच्या सामन्यात नाव गाजले म्हणून ती मिळत नाहीत, त्यासाठी प्राध्यापकांना भेटून शंका विचारण्याची सवय हवी. उन्हाळ्यात काही आठवडे शस्त्रक्रियागृहात एखाद्या सर्जनचे काम पाहावे, कारण पुढे चार वर्षे मेडिकल स्कूल आणि जनरल सर्जरीची पाच किंवा न्यूरोसर्जरीची सात वर्षे काढायची आहेत, हे तिथे उभे राहिल्यावरच नीट उमगते.

हातांची काळजी हा या मार्गावरचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रतिस्पर्ध्याने चेंडू अडवून पळवला की क्वार्टरबॅकलाही त्याला पकडण्यासाठी धावावे लागते, आणि जर्सीत अडकलेल्या बोटाची, बहुधा अनामिकेची, वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हाडापासून सुटू शकते. बोटाचे टोक स्वतःहून वाकत नसेल, तर ते नुसते पट्टीने बांधून पुढचा सामना खेळू नये. काही दिवसांतच हाताच्या सर्जनला दाखवावे, कारण उशीर झाल्यास कंडरा आखडत जाऊन तिची दुरुस्ती अवघड होते. डोक्याला मार बसून गरगरले किंवा आठवेनासे झाले, तर त्याच क्षणी मैदान सोडावे आणि डॉक्टरांच्या परवानगीवाचून परतू नये.

व्यावसायिक संघाचे बोलावणे आलेच, तर सही करण्यापूर्वी मेडिकल स्कूलला प्रवेश पुढे ढकलता येईल का, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे मायरन रोल आधी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये गेले आणि नंतर न्यूरोसर्जन झाले. ते सेफ्टी या बचावातल्या जागी खेळत, क्वार्टरबॅक नव्हते. परंतु एनएफएलमध्ये जाण्याआधीच त्यांनी पदवी अडीच वर्षांत पूर्ण केली होती.