दाबलं की खरंच दबणारं बटण: वेबजीएल आणि एक स्प्रिंग

बोट टेकेल तिथेच खोलगट होणारं आणि बोट उचललं की थरथरत जागेवर येणारं बटण बनवूया. ब्राउझरमधून ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची जुनी सोय म्हणजे वेबजीएल. तिची नवी भावंड वेबजीपीयू २०२३ मध्ये क्रोममध्ये आली, पण एका बटणासाठी वेबजीएल पुरे.

आधी एचटीएमएलचं साधं बटण ठेवा आणि त्यावर कॅनव्हास (पानावरचा चित्र काढायचा भाग) पसरा, चारही बाजूंनी वीसेक पिक्सेल मोठा, म्हणजे फुगलेली कड कापली जाणार नाही. कॅनव्हासला ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ द्या. टॅप खालच्या बटणालाच लागतो, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरही (स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम) चालतात. ही पायरी गाळू नका. नुसतं कॅनव्हासवर काढलेलं बटण दृष्टिहीन माणसासाठी तिथे नसतंच.

मग बटणाचा आयत ३२ × ३२ चौकोनांच्या जाळीत विभागा. नुसत्या चार कोपऱ्यांचा आयत मधोमध वाकत नाही.

आता स्प्रिंग. हे गणित जावास्क्रिप्टमध्येच करा, जीपीयूकडे (ग्राफिक्स चिपकडे) फक्त चित्र सोपवा. स्थान (बटण किती दबलंय) आणि वेग असे दोनच आकडे सांभाळायचे. लक्ष्य म्हणजे स्थानाने जिथे पोचायचं तो आकडा, १७० हा स्प्रिंगचा ताठपणा आणि १२ हा थरथर शमवणारा आकडा. वस्तुमान १ धरलं तर:

त्वरण = −१७० × (स्थान − लक्ष्य) − १२ × वेग

आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने स्थान. आधीच काढलेलं त्वरण तसंच ठेवून क्रम उलटा केला, तर थरथर हवी त्यापेक्षा जास्त टिकते. दाबल्यावर लक्ष्य १, सोडल्यावर ०. स्थानाला हात लावू नका. मग कुणी घाईघाईने तीनदा दाबलं तरी वेग टिकतो आणि झटका बसत नाही. १२ ऐवजी २६ घेतलं, तर थरथर जवळजवळ नाहीशी होते. मला १२ आवडतं: स्थान लक्ष्याच्या सुमारे २० टक्के पुढे जाऊन मागे येतं.

इथेच मी फसलो होतो. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे नवी चित्रं, दाखवणाऱ्या) लॅपटॉपवर नीट चालणारं बटण १२० हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगाने थरथरलं, कारण मी दर फ्रेमला स्प्रिंगच्या गणिताचं एक पाऊल टाकत होतो. उपाय असा: गेलेला वेळ साठवा आणि त्यातून १/१२० सेकंदाची जितकी पावलं बसतील तितकीच टाका. टॅब बदलून परत आल्यावर मोठा वेळ साचलेला असतो, म्हणून एका फ्रेमला ०.१ सेकंदाची मर्यादा घाला.

व्हर्टेक्स शेडरला (जाळीचे बिंदू हलवणाऱ्या, जीपीयूवरच्या छोट्या प्रोग्रामला) स्पर्शबिंदू आणि स्थान पाठवा. बिंदूपासून अंतर वाढेल तसा परिणाम घंटेच्या आकाराच्या वक्राने कमी करा. अंतर पिक्सेलमध्ये मोजा, नाहीतर लांबट बटणावर खड्डा लंबगोल होतो. ब्राउझरचा वाय अक्ष खाली जातो, वेबजीएलचा वर, तो उलटवा. रंग सपाट असेल तर खड्डा दिसणारच नाही, म्हणून फ्रॅगमेंट शेडरमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उताराप्रमाणे उजेड-सावली द्या. बटण जिवंत वाटतं ते या सावलीमुळे.

वापरकर्त्याने सेटिंग्जमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलं असेल, तर स्थान थेट लक्ष्यावर नेऊन ठेवा. वेग आणि लक्ष्यापासूनचं अंतर दोन्ही ०.००१ च्या खाली गेले की फ्रेम मागणं थांबवा, म्हणजे बटण नुसतं पडून असताना बॅटरी खाणार नाही.