सांडपाण्याखालील जमीन : ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या गाठी कापून पाहा

जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोऱ्यात येते. शहराखालच्या नदीचे, नाल्याचे किंवा कारखान्याबाहेर पडणारे पाणी ज्या शेतांना वर्षानुवर्षे मिळत आले आहे, तेथील जमीन दूषित होत आहे का, याचा पहिला अंदाज सोयाबीनच्या मुळांवरील गाठींवरून (ज्यांत नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात) घेण्यासाठी हाच काळ सोयीचा असतो. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा 12 बाबी असतात. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम त्यात नसतात आणि जिवाणूंची स्थितीही नसते. त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणून जमीन स्वच्छ आहे, असे गृहीत धरू नये.

वाफसा असताना शेतातील चार-पाच ठिकाणांहून मिळून दहा झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासह काढावीत, कारण झाड उपटल्यास गाठी तुटून मातीतच राहतात. ढेकूळ बादलीतील पाण्यात भिजू द्यावे, मुळे हलक्या हाताने धुवावीत आणि गाठी नुसत्या मोजून न थांबता ब्लेडने कापून आतील रंग पाहावा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसणाऱ्या गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य असते, म्हणजेच तेथील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत असतात. फुलोऱ्यातही बहुतेक गाठी बारीक आणि आतून पांढरट असतील, तर कुठेतरी बिघाड आहे.

गाठ कापून पाहण्याचा आग्रह धरण्यामागे ठोस कारण आहे. इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रायोगिक शेतात 1942 ते 1961 या काळात सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला गेला. गाळ बंद होऊन वीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही त्या मातीतील पांढऱ्या क्लोव्हरच्या (एक शेंगवर्गीय चारापीक) मुळांवर गाठी येत होत्या, मात्र त्या नत्र स्थिर करत नव्हत्या. नांगरटीच्या थरात साचून राहिलेल्या जड धातूंमुळे कार्यक्षम रायझोबियम (गाठींतील नत्र स्थिर करणारे जिवाणू) नाहीसे झाले होते, आणि वरून पाहणाऱ्याला गाठी मात्र दिसत होत्या.

तरीही पांढरी गाठ दिसताच प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये, हे आम्ही आवर्जून सांगतो. पाणी साचणे, पावसाचा मोठा खंड, युरियाचा जादा हप्ता, आम्लयुक्त किंवा क्षारयुक्त जमीन, तसेच बीजप्रक्रियेचा अभाव यांमुळेही गाठी बिघडतात. म्हणून ते पाणी कधीच न मिळालेल्या, पण त्याच प्रकारच्या जमिनीतील, त्याच वाणाची आणि त्याच सुमारास पेरलेली दहा झाडे शेजाऱ्यांकडून मागून घ्यावीत व दोन्ही मुळे शेजारी ठेवून तुलना करावी. पाण्याच्या तोंडाजवळ गाठी खराब आणि लांबच्या टोकाला चांगल्या असतील, तर संशय बळावतो.

संशय आल्यास वरच्या 15 सेंटिमीटर थरातील मातीचे दोन नमुने घ्यावेत. धातूंच्या तपासणीचा नमुना नेहमीप्रमाणे सावलीत वाळवावा. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना मात्र मुळीच वाळवू नये. तो स्वच्छ पिशवीत ओलसरच ठेवून बर्फाच्या डब्यातून शक्य तितक्या लवकर पोचवावा. प्रयोगशाळेत डिहायड्रोजिनेज तपासणी करून मागावी. तीत जिवाणू जितके क्रियाशील असतील तितका लाल रंग गडद येतो. या दोन्ही तपासण्या सर्वत्र होत नाहीत, म्हणून नमुना काढण्यापूर्वीच कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी.

अहवाल येईपर्यंत ते पाणी थांबवावे आणि शहरी गाळ किंवा कचरा खत घालू नये. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या त्या तुकड्यात घेऊ नयेत, कारण पानांत कॅडमियम साठते. जिवाणू खत पुन्हा देऊन धातू जात नाहीत. सामू आम्ल असेल तर चुना आणि भरपूर शेणखत यांनी धातूंची पिकाला होणारी उपलब्धता कमी होते. चुन्याचे प्रमाण मात्र माती परीक्षणावरूनच ठरवावे. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतेक काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींना चुन्याची गरज नसते, तेथे तो घालू नये.