वर्गाचं ऑनलाइन पान बनवताय? आधी या चुका टाळा

शिक्षण परिषदेत दर वेळी कुणीतरी मोबाइल पुढं करून विचारतं, "सर, वर्गाचं पान बनवलंय, पण लेकरं उघडतच नाहीत. काय करावं?" लेकरं पान उघडतात हो. उघडत नाही ती आपण त्यात टाकलेली फाइल.

गूगल साइट्स या गूगलच्या वेबपान बनवायच्या साधनावर पान तयार करायला संगणकातलं फार काही यावं लागत नाही. पण एक गोष्ट समजून घ्या. पान वेगळं आणि त्यात जोडलेली, गूगल ड्राइव्हमध्ये म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कपाटात ठेवलेली फाइल वेगळी. पान सगळ्यांसाठी खुलं केलं तरी फाइल आपोआप खुली होत नाही, तिची परवानगी स्वतंत्र द्यावी लागते. ड्राइव्हमध्ये नवी फाइल टाकली की ती 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला उघडत नाही. तुमच्या फोनवर ती झटकन उघडते, कारण ती तुमच्याच खात्यातली आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत याचा झालेला त्रास मी जवळून पाहिला. दिवाळी झाली आणि वर्गातली बरीच लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला गेली. वर्गाच्या मॅडम तळमळीच्या. अभ्यास तुटू नये म्हणून रोज रात्री स्वाध्याय लिहायच्या, पीडीएफ करायच्या, पानावर टाकायच्या. तिकडं बाप फडातून कोपीवर आला की लेकराच्या हातात फोन यायचा, आणि फाइलला बोट लावलं की इंग्रजीत 'यू नीड ॲक्सेस', म्हणजे परवानगी हवी. खालचं बटण दाबलं की परवानगीची विनंती मॅडमच्या जीमेलवर जायची, आणि जीमेल उघडायची त्यांना सवय नव्हती. संक्रांतीच्या सुमारास एक पालक गावाकडं आला, शाळेत येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं ते काही निघंना बघा." मग जीमेल उघडलं. विनंत्यांची रांग लागलेली, त्यातल्या कितीतरी एकाच फोनवरून.

उपाय सोपा आहे. स्वाध्यायांसाठी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा, त्या फोल्डरलाच 'एनीवन विथ द लिंक' (लिंक असेल त्या कुणालाही) आणि 'व्ह्यूअर' (फक्त बघता येईल) ही परवानगी द्या, आणि पानावरची प्रत्येक फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पान तपासायचं ते दुसऱ्याच्या फोनवर. मी शाळेसमोरच्या किराणा दुकानदाराचा फोन मागून घेतो. साधा फोन, फुटकी काच, रेंज एक काडी. त्यावर उघडलं तर लेकराच्या फोनवरही उघडतं. फोन मागायला संकोच वाटत असेल तर क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत बघा, तिथं तुमचं खातं लागू नसतं, पण बघाच.

आणि बदल केल्यावर 'पब्लिश' दाबा. साइट्समध्ये मजकूर आपोआप जतन होतो, पण लेकरांना पब्लिश केलेलंच दिसतं.

दुसरी चूक बदलीच्या वेळी कळते. पान गुरुजींच्या खासगी जीमेलवर असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली कधी ना कधी होणारच. नवे गुरुजी येतात, त्यांना पान दिसतं पण त्यात अक्षरही बदलता येत नाही. जुन्या गुरुजींनी ड्राइव्ह भरला म्हणून सफाई केली की पानावरच्या फाइलीही जातात. म्हणून शाळेच्या नावानं वेगळं खातं काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडच्या वहीत लिहून ठेवा, आणि आणखी एका शिक्षकाला 'एडिटर' करा, म्हणजे त्यालाही बदल करता येतील. ते खातं अधूनमधून वापरत राहा, कारण २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. "पाच मिनिटांत वेबसाइट बनवा" असे व्हिडिओ बघून जे बसतात ते नेमकी हीच पायरी सोडतात. पाच मिनिटांत पान होतं, हे मान्य. पण ते वर्षभर लेकरांच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल तर पहिला अख्खा तास खातं, फोल्डर आणि परवानग्या यांनाच द्या. रंग आणि चित्रं नंतर.

'एडिटर' हक्काची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटात कधीच टाकू नका. कुणाचं तरी बोट लागतं आणि तक्ता पुसला जातो. पुसला गेलाच तर घाबरू नका, 'व्हर्जन हिस्ट्री'त जुनी प्रत सापडते.

श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की पानावर चित्रविचित्र अक्षरं उमटतात. युनिकोडमध्येच लिहा, ते कुठल्याही फोनवर नीट दिसतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर बोलून लिहा, मराठी बऱ्यापैकी उमटते.

फळ्याचा फोटो काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. लहान पडद्यावर तो वाचता येत नाही आणि डेटा मात्र जातो. चार ओळी टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

सगळ्यात वर आजचा अभ्यास हवा. मान्यवरांचे फोटो आणि घोषवाक्यं खाली गेली तरी चालतील.

प्राथमिकच्या लेकरांना लॉगिन मागणारं साधन देऊ नका. गूगलचं स्वतःचं खातं चालवायला आपल्याकडं वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात, आणि घरात फोन एकच, तोही बापाचा. लिंक दाबली की उघडणारं पानच त्यांच्या कामाचं.

पण उघडं पान म्हणजे ते जगात कुणीही बघणार. गुणांची यादी, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, हजेरीपटाचा फोटो, यातलं काहीही त्यावर नको. यात मी कुणाचीच सबब ऐकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गणितात नापास झालेल्या पोरीचं नाव गावभर का फिरावं? गुण वहीत लिहा, नाहीतर पालकाला समोर बसवून सांगा.

क्यूआर कोड वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवणार असाल तर तो क्रोमच्या 'शेअर'मधूनच काढा. काही फुकट साइटवरचे कोड मुदत संपली की बंद पडतात, आणि तोवर सगळ्या वह्यांवर ते चिकटलेले असतात.