गोझोला जाताना तिकीट काढू नका

माल्टाहून गोझो बेटावर एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर राजधानी वॅलेटाहून फास्ट फेरीचं (वेगवान प्रवासी बोटीचं) येण्याजाण्याचं तिकीट घेण्याची घाई करू नका.

१. सकाळी वॅलेटाहून ४१ किंवा ४२ नंबरच्या बसने चिर्केव्वा बंदर गाठा. तासाभराहून जास्त लागतो. उन्हाळ्यात बस मधल्या थांब्यांवर भरून जाते, म्हणून वॅलेटाच्या मुख्य स्टँडवरूनच चढा.

२. तिथून गोझोला मोटारी नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटीत सरळ जाऊन बसा. जाताना तिकीटच नसतं! जाण्यायेण्याचे पैसे परतताना, गोझोच्या इम्जार बंदरावर घेतात. (पहिल्यांदा खिडकी शोधत आपण उगाच ओशाळतो.) साधारण २५ मिनिटांत पलीकडे.

३. संध्याकाळी पाय दुखत असताना पुन्हा ती बस नको. इम्जारहूनच फास्ट फेरीचं एकेरी तिकीट काढा. पाऊण तासात वॅलेटा, आणि वर शहरात जायला बराक्काची लिफ्ट जवळच. मोठ्या फेरीने परतलाच नाहीत, त्यामुळे तिचे पैसे भरायचा प्रश्नच नाही.

मात्र वारा सुटला की फास्ट फेरी रद्द होते. दुपारीच चौकशी करा. तसं झालं तर मोठी फेरी आणि बस आहेच.