विंचच्या दोराला मातीच खाते: या चुका टाळा

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या शिवारात जाणारी पाणंद चार-पाच दिवस कुणाला जाऊ देत नाही. काळी माती चाकाला चढत चढत टायरची नक्षी बुजवते आणि शेवटी चाक मडगार्डला घासून जागच्या जागी थांबतं. थार जीपला विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरवरचं यंत्र, बसवली ती हौसेपेक्षा या पाणंदीपायी. पहिला सिंथेटिक दोर दोन पावसाळे वापरला. पंधरा-वीस वेळा गाडी ओढली असेल, तीही फार जोर न लावता. तिसऱ्या वर्षी खांदेमळणीच्या दिवशी बैलांचे नवे कासरे आणले, तेव्हा सहज वाटलं की हाही दोर एकदा उलगडून बघावा.

बाहेरून ठीकच होता. दोन्ही हातांत धरून एकमेकांकडे ढकलला की या दोराची वीण सैल होते आणि पेड फाकतात. तसं केलं तर खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काळी भुकटी पडली. माझ्याच रानातली, मागच्या पावसाळ्याची. आतले तंतू पिंजलेल्या कापसासारखे झालेले. ताणाने या दोराला काहीच केलं नव्हतं. मातीने आतून करवत चालवली होती.

हा दोर बारा पेडांच्या वेणीचा असतो, आणि तंतू असतात पॉलिथीनचे. दुधाच्या पिशवीचं पॉलिथीन त्याच घराण्यातलं, फक्त याच्या रेणूंच्या साखळ्या फार लांब आणि एका दिशेने ताणून बसवलेल्या. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याचीच बाजारातली नावं. दहा मिलिमीटर जाडीचा २८ मीटर दोर दीड-दोन किलो भरतो, तेवढीच वायररोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, दहा किलोच्या पुढे जाते. पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, हाताला तारा टोचत नाहीत. पण त्याला वायररोपसारखं वागवलं की तो मरतो, आणि कासऱ्यासारखं वागवलं तरी मरतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिखलाचा दोर तसाच ड्रमवर, म्हणजे विंचच्या फिरत्या रिळावर, गुंडाळणं. गाडी निघाली, अंधार पडला, पाऊस सुरू आहे, ‘घरी गेल्यावर धुऊ’ म्हणून बटण दाबलं जातं. मीही हेच करायचो. काळी माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी मऊ, त्यामुळे ती दोराला कापेल असं वाटतच नाही. पण तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात आणि वाळल्यावर तीच माती ढेकळासारखी कडक होते. गुंडाळलेल्या दोराचे थर एकमेकांवर दाबले जातात, चिखल पेडांच्या आत शिरतो, तिथेच वाळतो. पुढच्या वेळी ताण आला की पेड एकमेकांवर सरकतात आणि मधली माती तंतू कापत जाते. मुरुमाची धूळ आणि गोदावरीच्या पात्रातली वाळू याहून वाईट, कारण त्यांचे कण कडक. रानात निदान दोन लिटरची पाण्याची बाटली आणि जुना पंचा जवळ ठेवा. दोर आत घेताना मुठीतल्या ओल्या पंच्यातून ओढून काढायचा, पण बटण दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि फेअरलीडच्या, म्हणजे दोर ज्या चौकटीतून ड्रमवर जातो तिच्या, एक मीटर अलीकडे मूठ सोडून द्यायची. हातमोजे घालाच.

दुसरी चूक धुण्यातली. सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी नेली की पोरगं प्रेशर गन आधी चाकांवर आणि मग थेट ड्रमवर धरतं. माझ्या समोर हे झालंय आणि मी चहा पीत बघत बसलो होतो. वरचा चिखल जातो, दोर रंगाला उजळ दिसतो, आपण खूश. बारीक रेती मात्र त्या धारेने वेणीच्या आत ढकलली जाते आणि जवळून मारलेली धार तंतूही उसवते.

मी आता कसं धुतो ते सांगतो. दोर पूर्ण सोडवून ड्रमवरून काढतो. एका टिपाडात साधं पाणी भरून त्यात रात्रभर भिजत घालतो. वाळलेली काळी माती घासून निघत नाही, पण पाण्यात आपोआप विरघळून तळाशी बसते. सकाळी दुसऱ्या पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे चार थेंब टाकायचे आणि हातभर दोर पाण्याखाली धरून ‘ढकल, ताण, ढकल, ताण’ करत पुढे सरकायचं. ढकललं की पेड फाकतात, ताणलं की मिटतात, आणि दर वेळी आतून गढूळ पाण्याचा एक ढग बाहेर येतो. तो ढग यायचा थांबेपर्यंत पाणी बदलायचं. मला साधारण तीन-चार पाणी लागतात. लातूरकर म्हणतील, दोराला एवढं पाणी? खरं आहे, २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तिथे हा प्रश्न रास्तच. शेवटची दोन पाणी साबण न घालता केली तर ती परसातल्या लिंबाला जातात.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठावर पांढरे थर धरतात, तेच क्षार दोरात वाळले की आत खरखर. म्हणून शेवटचा हात नळाच्या किंवा पागोळीच्या पाण्याचा. ब्लीच, ॲसिड, फरशी पुसायचं काही, यातलं एकही वापरू नका.

तेल-ग्रीसचं तर विचारूच नका. शेजारचे तात्या दोर धुताना बघून म्हणाले, ‘वायररोपला ग्रीस लावतात, ह्याला का नाही लावत?’ वायररोपला ते गंजू नये म्हणून. हा गंजतच नाही. याला तेल लावलं की पाणंदीची सगळी धूळ त्याच्यावर पाहुणी येते आणि परत जायचं नाव घेत नाही. डिझेल-रॉकेलने धुणाऱ्यांचंही तेच.

वाळवणं सावलीत. गच्चीच्या पत्र्यावर मे महिन्यात टाकू नका, उन्हातल्या अतिनील किरणांनी बाहेरचे तंतू ठिसूळ होत जातात. बाजेवर सैल वेटोळी टाकून ओसरीत दोन दिवस ठेवला की झालं. गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर विंचवर कव्हर घाला, पण ओल्या दोरावर नको. दोर कुजणार नाही, ड्रमचे बोल्ट मात्र गंजतील.

आता उष्णता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या दोराचं उलट आहे, जळायच्या कितीतरी आधी तो जीव सोडतो. साधारण १४५ अंशांच्या आसपास वितळतो, पण ६५-७० अंशांपासूनच त्याची ताकद घटायला लागते. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. वजन लटकलेलं असताना दोर मोटरने बाहेर सोडला, म्हणजे गाडी उतारावरून विंचने खाली घेतली, की तो ब्रेक घासून तापतो आणि ड्रमला चिकटलेला पहिला थर शिजतो. बाहेरून काही कळत नाही, कारण शिजलेला भाग सगळ्यांत खाली. म्हणून रिकामा दोर बाहेर काढताना मोटर चालवू नका, विंचचा क्लच सोडून हाताने ओढा. गाडी उतरवायचीच असेल तर थोडी थोडी, मध्ये थांबून. मोटर बंद करून, वजनाचा ताण काढून ड्रमला हात लावा. हात टेकत नसेल तर चहाला वेळ आहे. पहिल्या थरावर उष्णता सोसणारी स्लीव्ह मिळते, ती घ्याच.

वायररोप काढून हा दोर टाकला आणि रोलर फेअरलीड तोच ठेवला, ही चूक जुन्या जिप्सीवाल्यांत फार. पोलादी दोराने रोलरवर बारीक चरे पाडलेले असतात. कापसाच्या गावात राहून महागडं उपकरण कशाला? कापसाचा बोळा घ्या आणि फेअरलीडवर सगळीकडून फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे दोर अडकणार. बारीक पॉलिश पेपरने तो कंगोरा मारा, किंवा सरळ ॲल्युमिनियमचा हॉस, म्हणजे रोलर नसलेला गुळगुळीत फेअरलीड, बसवा. आणि एकदा हॉस बसवला की पुन्हा वायररोप त्यावर चालवू नका.

झाडाला दोरच गुंडाळून हूक त्याच्याच अंगावर अडकवणं, हे तर करूच नका. बाभळीची साल दोर खाते आणि दोर बाभळीची साल. रुंद पट्टा आणि शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी इंग्रजी यू आकाराची कडी, वापरा. वेड्या बाभळीखालून दोर ओढला असेल तर नंतर बोटांनी चाचपून काटे काढा. माझ्या दोरात एक काटा तिरका सव्वा इंच आत गेलेला सापडला होता, टोक दुसऱ्या बाजूने जेमतेम दिसत होतं.

गुंडाळी सैल असेल तर पुढच्या जोराच्या ओढीत वरचा दोर खालच्या थरांत घुसून रुतून बसतो. धुतल्यावर दोर हलक्या चढावर, गाडीच्या स्वतःच्या वजनाने ताणत, एकाला एक लागून भरा. आणि ओढताना ड्रमवर निदान दहा वेढे शिल्लक ठेवा, हा दोर निसरडा असल्याने पाच वेढ्यांवर भागत नाही.

दोर बघून कळायचं कसं? अंगावर बारीक लव आली तर घाबरू नका, ती थोडी रक्षणच करते. रंग उतरला तर तो कोटिंगचा, दोराचा नव्हे. चकाकणारा कडक ठिपका दिसला तर तो भाग हातात घेऊन वाकवा, ढकला, चोळा. नुसता दबला असेल तर मोकळा होऊन पुन्हा मऊ पडतो. तसाच काडीसारखा कडक राहिला तर तंतू वितळलेत, तो भाग गेला. एखादा पेड पूर्ण तुटला असेल, दोर एका जागी बारीक झाला असेल किंवा पेड फाकल्यावर आत भुकटी आणि पिंजण दिसली, तर तिथून कापा.

कापल्यावर गाठ मारू नका. गाठीने ताकद निम्म्यावर येते, शिवाय ती सरकतेही. स्प्लाइस करायची, म्हणजे टोक दोराच्याच पोटात सरकवायचं. दहा मिलिमीटर दोराला साधारण ७२ सेंटिमीटर शेपूट आत जावं लागतं, तेही टोकाकडे निमुळतं करून, आणि शेवटी दोऱ्याने टाके घालून. पहिल्या खेपेला मला अडीच तास लागले, आता अर्धा तास पुरतो. दोर दोन मीटरने आखूड झाला तरी चालतो.

माझ्या जुन्या दोराचा शेवटचा धड भाग तात्यांनी मागितला, ट्रॉलीवर कडबा बांधायला. कुणी त्याने ट्रॅक्टर ओढू नये म्हणून चार-चार मीटरचे तुकडे करूनच दिले. दोन दिवसांनी ते सगळे तुकडे घेऊन परत आले. ‘ह्याला दोर म्हणत्यात व्हय? गाठच धरीना की.’