उतारावरच्या पायऱ्यांसाठी दगड बघायला जाताना पाण्याची बाटली सोबत न्या

उतारावरच्या अंगणात पायऱ्या करायचं ठरलं की बहुतेक जण मला आधी रंग विचारतात. राखाडी बरा दिसेल की तांबूस? मी उलट विचारते, पाऊस जोरात आला की तुमच्या उतारावरून पाणी कुठून धावतं? बागा आखण्याच्या माझ्या कामात पायऱ्या बिघडलेल्या पाहिल्या त्या जवळपास सगळ्या पाण्यानेच. पायरीवर साचलेलं पाणी शेवाळ धरतं, मागून झिरपलेलं पाणी खालची माती काढून नेतं आणि सांध्यात शिरलेलं पाणी कडा फोडतं. म्हणून आधी एखाद्या पावसात छत्री घेऊन उतारावर उभ्या राहा, उभे राहा, आणि नीट बघा. कुठलं साहित्य घ्यायचं याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उरलेलं उत्तर मातीत असतं. फूट-दीड फूट खणून बघा. मुरूम किंवा कठीण थर लागला तर काळजी नाही, काहीही बसवता येईल. पण उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी चिकण माती असेल, तर एकसंध काँक्रीटचा जिना तिथे घालू नये असं माझं ठाम मत आहे. माती फुगते, आकसते, पुन्हा फुगते. ताठ काँक्रीटला तिच्याबरोबर हलता येत नाही, आणि मग एक चीर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जाते. अशा जागी ठोकून घट्ट केलेल्या खडी-मुरमावर सुटे जड दगड मांडलेले बरे. एखादा दगड कलला तर पहार लावून उचलायचा, खाली खडी सारायची, परत बसवायचा.

मापं साहित्याआधी ठरवा, कारण मापच सांगतं किती जाडीचा दगड लागेल. वरच्या टोकापासून दोरी आडवी ताणा, ती पाणसळीत आहे ना ते बघा आणि खालच्या टोकाशी दोरीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. समजा ती १.८ मीटर भरली. एका पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली तर १२ पायऱ्या झाल्या. पाय ठेवायची जागा किती खोल हवी यासाठी सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुकाराचा हिशोब आजही चालतो: दोन उंची अधिक एक खोली मिळून माणसाचं एक सहज पाऊल व्हावं. बाहेरच्या जागेसाठी मी ही बेरीज ६५० मिलिमीटर धरते, म्हणजे १५० उंचीला ३५० खोली. घरातल्या जिन्यापेक्षा हे ऐसपैस आहे आणि तसंच हवं. बाहेर माणूस हातात बादली, कुंडी, नाहीतर मूल घेऊन चालतो. सगळ्या पायऱ्यांची उंची मात्र सारखी पाहिजे. एक पायरी बोटभर उंच झाली तरी पाय तिथेच अडखळतो, कारण आधीच्या पायऱ्यांनी त्याला एक ताल शिकवलेला असतो.

आता दगड. माझी पहिली पसंती बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटच्या अखंड ठोकळ्यांना. दोन्ही घट्ट, पाणी फारच कमी पिणारे, कडा टिकवणारे. अडचण वजनाची. मीटरभर लांब, ४० सेंटिमीटर खोल (३५ पाय ठेवायला, ५ वरच्या ठोकळ्याखाली) आणि १५ सेंटिमीटर उंच असा एक ठोकळा १६०-१७० किलोच्या आसपास जातो. तो उतारावर वर न्यायला माणसं किती, वाट कुठून, मधे फाटक केवढं, हे सगळं ऑर्डर देण्याआधी बघावं लागतं. वाट अरुंद असेल तर ४०-५० मिलिमीटर जाडीची फरशी घ्या आणि खाली दगडी किंवा विटांचं पक्कं बांधकाम करा. फरशी जितकी पातळ तितकी खालची बैठक नेमकी हवी, कारण पोकळीवर बसलेली फरशी एक दिवस कोपऱ्यातून तुटतेच.

दगडाच्या वखारीत मी नमुना कधी कोरडा बघत नाही. बाटलीतलं पाणी दगडावर ओतते, चप्पल काढते आणि टाच दाबून घासते. पॉलिश केलेला ग्रॅनाइट अशा वेळी लगेच आपलं खरं रूप दाखवतो. घराच्या ओट्याला तो शोभेल, बाहेरच्या पायरीला नाही. त्याच ग्रॅनाइटला ज्योत मारून खरखरीत केलेला, म्हणजे फ्लेम फिनिशचा, किंवा छिन्नीने टाचलेला पृष्ठभाग घ्या, ओल्या पायालाही आधार वाटतो. मग दहा मिनिटं थांबते. पाणी पुसून टाकल्यावर दगडावर गडद डाग उरला असेल तर दगड पाणी पितो. असा दगड सावलीत हमखास शेवाळतो, आणि गोठवणाऱ्या थंडीच्या जागी तर वापरूच नये: पाण्याचं बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि दगडाचे पापुद्रे काढतं. शेवटी हातोडीने हलकेच ठोकून बघते. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, मग वरून तो कितीही देखणा असो.

वालुकाश्माला निसर्गतः थर असतात. दगडाची कड निरखा, वहीच्या पानांसारख्या रेषा दिसतील. बसवताना त्या रेषा आडव्या, जमिनीला समांतर ठेवायच्या. उभ्या ठेवल्या तर पाणी थराथरांत उतरतं आणि समोरचा भाग सालपटासारखा सुटतो. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे. खरखरीत बाजू वर ठेवली तर चालतात, पण ये-जा जास्त असेल तिथे काही वर्षांत गुळगुळीत होतात. शिवाय त्यांना ॲसिडने धुवायचं नाही, ॲसिड चुनखडी खातं. विक्रेत्याला दगडाची जात सांगता आली नाही तर कडेवर लिंबाचे थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की समजा चुनखडी. जांभा मला दिसायला फार आवडतो, पण तो सच्छिद्र. बाजूच्या भिंतीला, पायरीच्या उभ्या तोंडाला वापरा आणि पाय पडतो तिथे दुसरा कठीण दगड ठेवा.

काँक्रीटला लोक उगाच नावं ठेवतात. जमीन स्थिर असेल, पायऱ्या वळणाच्या असतील, किंवा जड दगड वर नेणं शक्यच नसेल तर तेच योग्य. फक्त मिश्रणात पाणी जास्त ओतू देऊ नका. पातळ माल पसरायला सोपा जातो म्हणून गवंडी पाणी वाढवतात, आणि तेवढ्याने ताकद घटते, वरचा थर पुढे भुसभुशीत होऊन निघतो. पृष्ठभाग ओला असतानाच कडक झाडू आडवा फिरवून रेघा पाडा. थापीने घोटून चकचकीत करायला ठाम नकार द्या. निदान सात दिवस तरी ओलं ठेवा. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यावरून विटांच्या गाड्या नेऊ नयेत.

विटा घ्यायच्या तर खूप भाजलेल्या, ठोकल्यावर वाजणाऱ्या, आणि उभ्या कडेवर बसवलेल्या. साध्या भिंतीच्या विटा पायरीच्या कडेला टिकत नाहीत. टाइल्सबद्दल एवढंच: डब्यावर आर-११ किंवा त्याहून वरचा घसरणरोधक दर्जा लिहिलेला नसेल तर बाहेर लावू नका.

लाकडाचा मोह बागेत सगळ्यांनाच होतो. मातीला टेकलेलं लाकूड सतत ओलसर राहतं आणि ओलीत बुरशी वाढते, म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेलंच लाकूड घ्या. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर मात्र नकोत. त्यांत क्रिओसोट हे लाकूड टिकवायचं डांबरी तेल मुरवलेलं असतं, ते कर्करोगकारक आहे आणि उन्हात तापलं की वर पाझरतं. अनवाणी मुलं जिथे बसणार तिथे ते कशाला? लांब, सौम्य उतार असेल तर लाकडाचा किंवा दगडाचा फक्त पुढचा काठ करून मागे खडी भरण्याची पद्धत स्वस्त आणि छान पडते. पाणी थेट खाली मुरतं. पण खडी फोडलेली, कोनदार घ्या, बारीक चुरीसकट, म्हणजे ती एकमेकीत रुतून बसते. नदीतले गोल गोटे पायाखाली फिरतात, ते कुंड्यांभोवती शोभतात.

यातलं काहीही निवडलं तरी बांधताना काही गोष्टींवर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. काम खालच्या पायरीपासून सुरू होतं, आणि ती पहिली पायरी थोडी जमिनीत रुतवायची, कारण वरचा सगळा रेटा तिच्यावर येतो. खाली १०० ते १५० मिलिमीटर खडी, थराथराने ठोकून घट्ट केलेली. वरचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर निदान ५० मिलिमीटर चढलेला हवा. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला किंचित ढाळ द्या. ३५० खोलीला ५ मिलिमीटर पुरेत. वरून लोंढा येत असेल तर सगळ्यात वरच्या पायरीच्या मागे आडवा चर काढून पाणी बाजूला वळवा. हा चर नसेल तर महागातला दगडही खालून पोकळ होतो.

कड दिसणं हाही निवडीचाच भाग आहे. एकाच गडद रंगाच्या पायऱ्या वरून उतरताना संध्याकाळी एकसलग उतार दिसतात, आणि नजर अधू असलेल्यांची तिथे फसगत होते. कडेला फिकट दगडाची पट्टी घ्या. गडद दगड दुपारी तापतोही फार, अनवाणी चालणं असेल तर हे लक्षात असू द्या.

दगड मागवताना गरजेपेक्षा दोन-तीन नग जास्त मागवा, आणि सगळे एकाच खाणीच्या एकाच खेपेतले. पुढे एखादा बदलायची वेळ आली तर तोच पोत, तीच जाडी परत मिळणं कठीण असतं. ते जास्तीचे नग झाडाखाली बैठक म्हणून मांडून ठेवा, उन्हापावसात बाकीच्यांसारखेच मुरतील आणि बसवल्यावर वेगळे दिसणार नाहीत.